घंटागाडीतील मुका मुकादम

एखाद्या शहराचा कारभार कसा चालला आहे याची परीक्षा घ्यावयाची असेल, तर नगरपालिकेच्या सभागृहात जाण्याचे कारण नाही. सकाळी आठाच्या सुमारास एखाद्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले म्हणजे पुरे. कचऱ्याची गाडी आली की नाही, एवढ्या एका गोष्टीवरून कराच्या पैशाचा विनियोग, नोकरवर्गाची शिस्त, अधिकाऱ्यांची दक्षता आणि नागरिकांच्या सवयी या चारही गोष्टींचा अंदाज येतो. नळाला पाणी आले नाही तर लोक ओरडतात, दिवे गेले तर तक्रार नोंदवितात. कचरा मात्र मुकाट्याने साचत राहतो, आणि त्याची पहिली तक्रार माशा करतात, दुसरी रोगराई करते.

कचरा दाराशी येऊन कोणी न्यावा ही कल्पना तशी फार जुनी नव्हे. १८८४ साली पॅरिसचे प्रशासक युजेन पूबेल यांनी प्रत्येक घरमालकाने भाडेकरूंसाठी झाकणाचा डबा ठेवलाच पाहिजे, असा हुकूम काढला. लोक इतके संतापले की त्यांनी त्या डब्यालाच त्यांचे नाव देऊन टाकले. फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला आजही ‘पूबेल’ म्हणतात. मुंबईला हा धडा १८९६ च्या प्लेगने शिकविला. त्या साथीनंतर शहराचा कचरा वस्तीपासून दूर देवनारच्या दलदलीत नेऊन टाकावा असे ठरले, आणि त्यासाठी खास कचऱ्याची आगगाडी धावू लागली. पुढे मोटारी आल्या. महाराष्ट्रातील शहरांनी त्या मोटारीला घंटा बांधली आणि ‘घंटागाडी’ हा शब्द घरोघरी रूढ झाला. आज त्या घंटागाडीत आणखी एक लहानशी वस्तू येऊन बसली आहे. ती वाजत नाही, बोलत नाही, दिसतही नाही. परंतु गाडी कोठे गेली, कोठे थांबली आणि कोठे गेलीच नाही, याची नोंद ती अखंड ठेवते. या मुक्या मुकादमाचे काम कसे चालते आणि त्याच्यावर विश्वास कितपत टाकावा, हे समजून घेणे प्रत्येक करदात्याच्या हिताचे आहे.

उदाहरणादाखल सिल्वासा हे शहर घेऊ. मराठी माणसाला हे नाव परके नाही. १९५४ साली दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांच्या अमलातून सोडविण्यासाठी जे तरुण गेले, त्यांत सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे हेही होते. त्या वर्षीच्या २ ऑगस्टला सिल्वासावर तिरंगा फडकला. दमणहून या प्रदेशात ये-जा करण्याचा हक्क पोर्तुगालला होता की नाही, हा वाद पुढे थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्यापुरता तसा हक्क होता, मात्र सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांना तो नव्हता, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असा निर्णय त्या न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी दिला. कोणती गाडी कोणत्या रस्त्याने जावी, या प्रश्नाने जगाच्या न्यायपीठापर्यंत मजल मारली, असे प्रदेश फार थोडे असतील.

त्या काळचे हे लहानसे गाव आज कारखान्यांचे शहर झाले आहे. पिपरिया, आमली, मसाट या भागांत औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, आणि दूरदूरच्या प्रांतांतून कामगार येऊन चाळींत राहू लागले. २००६ साली येथे नगरपरिषद स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९८,२६५ भरली. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या ‘स्मार्ट सिटी’ योजनेत सिल्वासाची निवड झाली. २०२५ च्या मार्चअखेर ती योजना संपली. तोपर्यंत तिच्यातील सर्व शंभर शहरांत नियंत्रण-केंद्रे उभी राहिली होती. रस्त्यांवरील कॅमेरे, दिवे, पाणी, कचऱ्याच्या गाड्या अशा सेवांची माहिती एका छताखाली आणून ती पडद्यावर पाहता यावी, हा अशा केंद्रांचा हेतू. शहराचे डोळे एका खोलीत आले, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु डोळे असणे आणि दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रथम कामाचा व्याप पाहू. भारतातील मध्यम शहरांत दर माणशी दररोज सुमारे ३०० ते ४०० ग्रॅम कचरा निघतो, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. सिल्वासाच्या २०११ च्या लोकसंख्येला तो लावला तर रोजचा कचरा ३० ते ४० टनांच्या घरात जातो. त्यानंतर वस्ती वाढली आहे ती निराळीच. घरोघर फिरणारी लहान गाडी एका खेपेत अर्धा-पाऊण टन कचरा आणते. म्हणजे रोज किमान पन्नास-साठ खेपा झाल्या पाहिजेत, आणि त्याही बहुतेक सकाळच्या चार-पाच तासांत, लोक कामावर जाण्यापूर्वी. घनकचऱ्याविषयीच्या सरकारी मार्गदर्शिका असेही सांगतात की, या खात्याच्या एकंदर खर्चापैकी ६० ते ७० टक्के गोळा करण्यात आणि २० ते ३० टक्के वाहतुकीत जातो; शेवटच्या विल्हेवाटीला पाच टक्केही उरत नाहीत. तेव्हा गाडीचा एक फेरा वाचला तर पैसा वाचतो, आणि तो खऱ्याखुऱ्या प्रक्रियेकडे वळविता येतो. गाड्यांवर लक्ष ठेवण्याचा खटाटोप यासाठी आहे.

आता त्या मुक्या मुकादमाची रचना पाहू. गाडीत बसविलेली ही पेटी तळहाताएवढीही नसते. तिच्यात दोन मुख्य अवयव असतात. एक, आकाशातील उपग्रहांचे संदेश ऐकणारा ग्राहक. आणि दुसरा, ऐकून काढलेले स्थान भ्रमणध्वनीच्या जाळ्यातून केंद्राकडे पाठविणारा प्रेषक. पुष्कळांची अशी समजूत असते की, उपग्रह वरून गाडीकडे पाहतो आणि तिचा पत्ता सांगतो. वास्तविक उपग्रहाला गाडीची गंधवार्ताही नसते. तो पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असताना केवळ दोनच गोष्टी अखंड उच्चारीत असतो : “मी अमुक ठिकाणी आहे, आणि आता अमुक वेळ झाली आहे.” तो संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीन लक्ष किलोमीटर वेगाने, खाली येतो. संदेश निघाल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ यांतील अंतर कळले, की उपग्रह किती दूर आहे हे कळते. अशी तीन अंतरे मिळाली की स्थान ठरते. परंतु पेटीतील साधे घड्याळ उपग्रहातील अणुघड्याळाइतके नेमके नसते, म्हणून त्या घड्याळाची चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. एका सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक झाली, तरी गाडी तीनशे मीटर दूर, भलत्याच पेठेत दिसेल!

अमेरिकेची ही उपग्रहमाला १९९५ साली पूर्णपणे कार्यान्वित झाली. मे २००० पर्यंत सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम गडबड घातलेली असे, त्यामुळे शंभर मीटरपर्यंतची चूक होई. शंभर मीटरच्या चुकीत विमान चालेल, जहाज चालेल. पण घंटागाडी कोणत्या गल्लीत होती हे कळावयाचे नाही. ती गडबड काढून टाकण्यात आली आणि चूक काही मीटरांवर आली, तेव्हाच हे साधन नगरपालिकांच्या उपयोगाचे झाले. भारतानेही २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह सोडून ‘नाविक’ नावाची स्वतःची प्रादेशिक व्यवस्था उभारली.

स्थान कळले म्हणजे पुढे ते नकाशावर मांडावयाचे. प्रत्येक गाडीसाठी ठरविलेल्या मार्गाभोवती संगणकात एक अदृश्य कुंपण आखलेले असते. जुन्या गावांना वेस असे, तशीच ही विजेची वेस. गाडी वेशीच्या आत आली की वेळ नोंदली जाते. बाहेर गेली की केंद्रात सूचना वाजते. नगर हवेलीसारख्या प्रदेशात, जेथे एका बाजूला गुजरात आणि दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र आहे, आणि दादरा तर चोहोबाजूंनी गुजरातने वेढलेला आहे, तेथे अशा वेशीला विशेष अर्थ आहे. गाडी ठरलेल्या केंद्राकडे न जाता हद्दीबाहेरच्या एखाद्या ओढ्याकाठी रिकामी झाली, तर ते लपून राहत नाही.

या मुख्य पेटीला इतरही इंद्रिये जोडता येतात. इंजिन चालू आहे की बंद, हे एका तारेने कळते. डिझेलच्या टाकीतील पातळी एकदम खाली गेली, तर इंधन जळले की काढून घेतले, हे ताडता येते. कचरा दाबणाऱ्या मोठ्या गाडीचा हायड्रॉलिक दांडा किती वेळा उचलला गेला, यावरून किती कुंड्या खरोखर रिकाम्या झाल्या हे मोजता येते. घराच्या दाराशी एक खूणपट्टी लावून, कामगाराच्या हातातील यंत्राने ती वाचली, तर घरनिहाय नोंद होते. दक्षिण कोरियाने २०१३ पासून खरकट्याचे पैसे त्याच्या प्रमाणात आकारण्याची पद्धत देशभर लागू केली. तेथील पुष्कळ वसाहतींत नागरिकाने आपली खूण दाखविली की डब्याचे झाकण उघडते, आत टाकलेल्या खरकट्याचे वजन होते आणि ते त्याच्या खात्यावर चढते.

या नोंदींचा खरा उपयोग पहारा करण्यात नसून मार्ग आखण्यात आहे. १७३६ साली ऑयलर या थोर गणितज्ञाने एक साधासा प्रश्न सोडविला : कोनिग्सबर्ग शहरातील सातही पुलांवरून, एकही पूल दुसऱ्यांदा न ओलांडता, फेरफटका मारता येईल काय? त्याने दाखवून दिले की तसे शक्य नाही. ज्या चौकात मिळणाऱ्या रस्त्यांची संख्या सम, तेथे आलेला माणूस नव्या रस्त्याने बाहेर पडू शकतो. जेथे ती विषम, तेथे केव्हातरी अडकतो. १९६० च्या सुमारास चीनमधील गणिती ग्वान मेइगू यांनी हाच विचार टपालवाल्याला लावला : सर्व रस्ते निदान एकदा चालून परत यावयाचे, तर कोणते रस्ते पुन्हा चालल्याने एकंदर वाट सर्वांत कमी होईल? घंटागाडीचा प्रश्न नेमका हाच आहे, फक्त अधिक अवघड. तिला एकेरी वाहतूक पाळावी लागते, शाळा भरण्यापूर्वी काही रस्ते उरकावे लागतात, आणि पोट भरले की मध्येच रिकामे होऊन यावे लागते. केवळ पंधरा थांबे असले तरी त्यांचे क्रम लावण्याचे सुमारे १.३ लाख कोटी प्रकार होतात. ते सर्व पडताळून पाहणे माणसाच्या आवाक्यातले नाही. संगणक गेल्या काही महिन्यांच्या नोंदी पाहून पुष्कळसे वायफळ प्रकार गाळतो आणि बरा मार्ग सुचवितो. तथापि कोणत्या बोळात बाजाराच्या दिवशी गाडी शिरत नाही, हे त्याला चालकच सांगू शकतो. उत्तम मार्ग हा गणित आणि अनुभव यांच्या सल्ल्याने ठरतो.

येथपर्यंत यंत्राचे गुण झाले. आता त्याच्या मर्यादा. पहिली मर्यादा साधी आहे. पेटी दर दहा सेकंदांनी स्थान पाठवीत असेल आणि गाडी ताशी वीस किलोमीटर वेगाने जात असेल, तर दोन नोंदींमध्ये ती पंचावन्न मीटर पुढे जाते. नोंद मिनिटाला एकदाच होत असेल, तर हेच अंतर तीनशेहून अधिक मीटर होते. एवढ्यात अख्खी गल्ली निसटू शकते. ज्या शहराने स्वस्त व्यवस्था म्हणून मिनिटाची नोंद घेतली, त्याने गल्लीचा हिशेब आधीच सोडून दिला, असे समजावे.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. पेटी गाडीचे स्थान सांगते, कामाचे नव्हे. गाडी दारावरून गेली एवढे कळले; कचरा उचलला की नाही, ओला आणि सुका वेगळा घेतला की वाटेत पुन्हा एकत्र केला, हे तिला ठाऊक नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरीच वर्गीकरण करणे बंधनकारक केले. त्यासाठी गाडीत कप्पे करण्यात आले. पण कप्प्याकडे पाहणारा डोळा माणसाचाच असावा लागतो.

तिसरी मर्यादा मोबदल्याची आहे. कंत्राटदाराला टनावर पैसे दिले, तर गाडीत माती आणि बांधकामाचा राडारोडा भरण्याचा मोह होतो, आणि पावसाळ्यात भिजलेला कचरा आपोआपच जड होतो. खेपेवर पैसे दिले, तर अर्ध्या रिकाम्या गाड्या धावू लागतात. फिरलेल्या अंतरावर दिले, तर सरळ वाट सोडून वळसे सुरू होतात. यंत्र यांतील प्रत्येक आकडा अचूक मोजील. परंतु कोणता आकडा मोजावा, हा निर्णय नगरपालिकेचा आहे. वजनकाट्याची नोंद, मार्गाची नोंद आणि नागरिकांच्या तक्रारींची नोंद या तिन्ही एकमेकींशी ताडून पाहिल्या, तरच लबाडी अवघड होते. एकटा साक्षीदार फोडता येतो. तिघे वेगवेगळ्या वाटेने आले, तर ते कठीण जाते.

चौथी मर्यादा सर्वांत गंभीर आहे, आणि झपाट्याने वाढणाऱ्या कामगारवस्तीच्या शहराला ती फार लागू पडते. संगणक चुकलेली गल्ली दाखवितो, परंतु कोणती? जी नकाशावर आहे ती. ज्या चाळीची नोंदच झालेली नाही, जी वस्ती मार्ग आखल्यानंतर उभी राहिली, तेथे गाडी कधीच गेली नाही तरी पडद्यावर लाल खूण उमटत नाही. शंभरपैकी शंभर गल्ल्या पूर्ण झाल्याचा अहवाल हिरवागार दिसतो, आणि एकशे एकाव्या गल्लीतील मुले उकिरड्यावर खेळत असतात. यंत्र खोटे बोलत नाही. ते केवळ विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. म्हणून दर सहा महिन्यांनी पायी हिंडून नकाशा दुरुस्त करणे, हे संगणक विकत घेण्याइतकेच आवश्यक काम आहे. त्याला खर्च अल्प येतो, पण चिकाटी लागते.

शेवटचा प्रश्न माणसाचा आहे. गाडीवर नजर ठेवता ठेवता ती नजर कामगाराच्या अंगावर केव्हा जाते, हे कळत नाही. नागपूर, चंदीगड, पंचकुला या शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर स्थान कळविणारी घड्याळे बांधण्यात आली. २०२० च्या सुमारास त्याविरुद्ध कामगारांत असंतोष उमटला, चंदीगडला तर आंदोलने झाली. त्यांचा आक्षेप कामाच्या मोजणीला नव्हता, तर गुलामासारखे हाताला बेडी घातल्याच्या भावनेला आणि कामाचे तास संपल्यावरही मागे राहणाऱ्या डोळ्याला होता. व्यक्तीचे खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. तो हक्क साहेबाला आहे तसाच झाडूवाल्यालाही आहे. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या मोटारीचा माग काढणे उचित होय. माणसाचा माग काढताना त्याची गरज, मुदत आणि मर्यादा आधी सांगितली पाहिजे.

विशेष म्हणजे हीच नोंद कामगाराच्या बाजूनेही बोलू शकते. गाडी आलीच नाही, असे एखाद्या वजनदार गृहस्थाने ठासून सांगितले, तर पूर्वी चालकाच्या शब्दाला किंमत नसे. आता सात वाजून बारा मिनिटांची नोंद त्याचा साक्षीदार होते. एका चालकाकडे तीन गाड्यांचे काम आहे, भट्टीसारख्या उन्हात तो दहा तास बसून आहे, हेही त्याच नोंदीत दिसते. नोंद दंड करण्यासाठी वाचली तर दंडच सापडतात. भार वाटून देण्यासाठी वाचली तर भार सापडतो. आणि दंड केलाच, तर ज्या नोंदीवरून केला ती नोंद पाहण्याचा आणि तिला उत्तर देण्याचा हक्क त्या माणसाला असला पाहिजे. उंच इमारतींवर आपटून येणाऱ्या लहरींमुळे गाडी भलत्या गल्लीत दिसणे, किंवा भ्रमणध्वनीचे जाळे नसल्याने नोंद उशिरा पोहोचणे, हे नित्याचे आहे. त्या चुकीचा भुर्दंड रोजंदारीवरच्या माणसाने का भरावा?

तेव्हा नागरिकाने नगरपालिकेला तीन गोष्टी विचाराव्यात. आमची गल्ली नकाशावर आहे काय? गाडीच्या नोंदी केवळ केंद्रातील पडद्यावर दिसतात, की आम्हांलाही पाहता येतात? आणि गेल्या महिन्यात चुकलेल्या फेऱ्यांचे पुढे काय झाले? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर त्या पेटीवर खर्च झालेला पैसा सार्थकी लागला. न मिळाली, तर भिंतीएवढा पडदा, त्यावरील हिरवे ठिपके आणि पाहुण्यांना दाखविण्याची एक वातानुकूलित खोली, एवढेच हाती उरते.

त्याबरोबर नागरिकांचेही एक कर्तव्य आहे. गाडी वेळेवर आली आणि डबा दाराशी नसला, किंवा खरकटे आणि काच एकाच पिशवीत कोंबली, तर आकाशातील चोवीस उपग्रह मिळूनही त्या गल्लीला स्वच्छ करू शकणार नाहीत. मुका मुकादम गाडीची हजेरी घेतो. घरांची हजेरी ज्याची त्याने घ्यावयाची आहे.